बार्सिलोनाची महिला टीम कशी बघावी? सुरुवात हरलेल्या फायनलपासून

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुली हल्ली रील्स बघून येतात. आयताना बोनमातीचा एखादा टर्न, नाहीतर ग्रॅहम हान्सेनने दोघींना चकवून मारलेला गोल. पंधरा सेकंदांत विषय संपला. मग मैदानावर प्रत्येकीला तोच टर्न करून बघायचा असतो, आणि चेंडू गेला की हात कमरेवर. पालक विचारतात, "मॅडम, बार्सिलोनाची मॅच दाखवली तर पोरींना फायदा होईल का?" होईल की. पण कुठली मॅच लावायची आणि तिच्यात काय शोधायचं, हे आधी ठरवलं तर. नाहीतर नव्वद मिनिटांचा टाइमपास.

मी कोल्हापुरात मुलींना फुटबॉल शिकवते. इथला फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. सीझनला शाहू स्टेडियमची गॅलरी भरते आणि गॅलरीतला प्रत्येक माणूस मनातून कोच असतो. मुलींना मात्र आपल्यासारख्या कुणाला तरी खेळताना बघून शिकायची सोय फार कमी. म्हणून टीव्हीचा आधार घ्यायचा. बार्सिलोनाच निवडते, कारण ही टीम 2021 ते 2025 सलग पाच वर्षं युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये होती. तीनदा जिंकली, दोनदा हरली. त्याआधी 2019 मध्येही एक फायनल हरली होती. शिकायला सगळ्यात जास्त मिळतं ते या हरलेल्या मॅचमध्ये.

आठ-शून्यच्या मॅचेस बाजूला ठेवा

नवा माणूस सगळ्यात जास्त गोल झालेली मॅच शोधून लावतो. ती लावू नका. 2021-22 च्या स्पॅनिश लीगमध्ये बार्सिलोना 30 पैकी 30 मॅचेस जिंकली. 159 गोल केले, 11 खाल्ले. आकडे वाचायला भारी वाटतात, पण त्यातल्या बहुतेक मॅचेसमध्ये समोरची टीम अर्ध्या तासात दमलेली असते. दबाव नसताना सगळ्यांचेच पास बरोबर जातात. त्यातून मुलींची समजूत होते की चांगली टीम म्हणजे चेंडू कधीच न गमावणारी टीम. बार्सिलोनाही चेंडू गमावते. गमावल्यावर ती काय करते, हे बघायचं असेल तर तोडीस तोड प्रतिस्पर्धी हवा. म्हणजे ल्योन, वोल्फ्सबर्ग, चेल्सी, आर्सेनल.

पहिला धडा: बुडापेस्ट 2019, फक्त अर्धा तास

18 मे 2019. बार्सिलोनाची पहिली युरोपियन फायनल, समोर ल्योन. पाचव्या मिनिटाला जेनिफर मारोझानचा गोल. मग 14, 19 आणि 30 व्या मिनिटाला आडा हेगरबर्ग. अर्ध्या तासात 4-0. शेवटी 89 व्या मिनिटाला असिसात ओशोआलाने एक फेडला, 4-1.

गोलवर थांबू नका, गोलच्या आधीची धाव बघा. ल्योनच्या उजव्या बाजूला पुढे शानिस वान दे सांडन आणि तिच्या मागे लुसी ब्रॉन्झ. या बाजूने चेंडू निघाला की व्हिडिओ थांबवायचा आणि मुलींना विचारायचं, "ही का मागे पडली?" उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, ती फास्ट आहे." मग दहा सेकंद मागे जायचं. धाव सुरू होण्याआधी डिफेंडर कुठे उभी होती? तिची पावलं कुणीकडे वळलेली होती? ती चेंडूकडे बघत होती की जिला अडवायचं त्या खेळाडूकडे? दोन-तीनदा मागे-पुढे केलं की मुली स्वतःच सांगायला लागतात. काही वेळा खरोखर पाय कमी पडलेले असतात, पण बऱ्याचदा उभं राहण्याची जागाच चुकलेली असते. दोन्हींवरचा उपाय वेगळा. पहिल्यासाठी धावायचा व्यायाम, दुसऱ्यासाठी डोकं.

बार्सिलोनाला तेव्हाही पास देता येत होते. ताकद, वेग, हवेतला चेंडू यांत त्या कमी पडल्या. प्रशिक्षक लुईस कोर्तेस जानेवारीतच जबाबदारीवर आले होते. त्या पराभवानंतर टीमने शारीरिक तयारीवर जोर दिला, आणि त्याचं फळ पुढच्या धड्यात दिसतं. हा अर्धा तास आणि पुढच्या धड्यातली छत्तीस मिनिटं एकाच बैठकीत बघा. मध्ये फक्त चहा.

दुसरा: गोथेनबर्ग 2021, पहिली छत्तीस मिनिटं

16 मे 2021, समोर चेल्सी. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. पहिल्याच मिनिटात लीके मार्टेन्सचा फटका क्रॉसबारवर आदळला. त्यानंतरच्या गडबडीत फ्रॅन कर्बीने मारलेला चेंडू तिच्याच टीमच्या मेलनी लॉयपोल्झला लागून उलटा जाळ्यात गेला. कॉमेंटेटर याला नशीब म्हणतील. मुलींना विचारा, मॅच सुरू होऊन मिनिटही झालं नाही आणि बार्सिलोनाच्या इतक्या जणी चेंडूच्या आसपास कशा पोचल्या?

पुढे अलेक्सिया पुतेयासची पेनल्टी, मग आयतानाचा गोल, आणि 36 व्या मिनिटाला चौथा. हा चौथा गोल पाच वेळा तरी बघा. मार्टेन्स डावीकडून घुसते, आडवा चेंडू देते, आणि उजव्या विंगवरची ग्रॅहम हान्सेन दुसऱ्या खांबापाशी हजर असते. ढकलायचं तेवढं काम उरलेलं. आपल्याकडे डावीकडून हल्ला चालू असला की उजवी विंग साइडलाइनजवळ उभी राहून हात वर करते, "इकडे दे, इकडे दे." हान्सेन हाक मारत बसत नाही, सरळ आत धावते. माझ्या मुलींमध्ये या एका गोलने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या ओरडण्याने पडला नव्हता.

4-0 हाच शेवटचा स्कोअर. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत चॅम्पियन्स लीग जिंकणारा बार्सिलोना हा पहिला क्लब ठरला.

2022 ची तुरिनमधली फायनल कोच लोकांनी बघावी, लहान मुलींना सोडून दिली तरी चालेल. पुन्हा ल्योन, पुन्हा हार, 3-1. सहाव्या मिनिटाला ल्योनच्या आमांदीन ऑंरीने मध्ये चेंडू हिसकावला आणि लांबून असा काही मारला की बस्स. दुसऱ्या हाफमध्ये पात्री गिहारोने जवळपास मधल्या रेषेवरून मारलेला चेंडू क्रॉसबारला लागला. बार्सिलोनाला मध्येच अडवता येतं, हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी ही मॅच.

तिसरा: आइंडहोव्हन 2023, पूर्ण नव्वद मिनिटं

एकच मॅच बघायला वेळ असेल तर ही. 3 जून 2023, समोर वोल्फ्सबर्ग. तिसऱ्याच मिनिटाला एवा पायोरने चेंडू काढून घेतला तो कुणाकडून, तर लुसी ब्रॉन्झकडून. 2019 ला ल्योनकडून बार्सिलोनाला पळवणारी हीच ब्रॉन्झ 2022 मध्ये बार्सिलोनाकडे आली होती. पायोरने बाहेरूनच फटका मारला, गोल. 37 व्या मिनिटाला पायोरच्या क्रॉसवर अलेक्झांड्रा पॉपचं हेडर. हाफटाइमला 0-2.

इथे टीव्ही बंद करा आणि मुलींना कागद द्या. तुम्ही कोच असता तर काय बदललं असतं? माझ्याकडे एक मुलगी दरवेळी "गोलकीपर बदला" लिहिते. लिहू दे. मग दुसरा हाफ लावा.

बार्सिलोनाने गडबडून लांब चेंडू मारायला सुरुवात केली नाही. तोच खेळ, फक्त चेंडू जरा लवकर पुढे. 48 व्या मिनिटाला हान्सेन उजवीकडून गोलरेषेपर्यंत जाते, चेंडू मागे ओढते, पात्रीचा गोल. दोन मिनिटांत आयतानाचा क्रॉस आणि पुन्हा पात्री, यावेळी डोक्याने. पात्री ही बचावाच्या पुढची मिडफिल्डर, तिचं मुख्य काम मागे राखायचं. तीच दोनदा बॉक्समध्ये कशी? ती वर गेली तेव्हा तिची जागा कुणी धरली? हे शोधायला व्हिडिओ मागे न्यावा लागतो, कारण कॅमेरा चेंडूमागे धावत असतो. कोपऱ्यात दिसेल तेवढंच बघायचं, बाकी ताडायचं.

70 व्या मिनिटाला वोल्फ्सबर्गच्या बचावात गोंधळ झाला आणि फ्रिडोलिना रॉल्फोने तिसरा मारला. ही आधी वोल्फ्सबर्गचीच खेळाडू. हान्सेनही तिकडूनच आलेली. आणि त्या दिवशी सतावणाऱ्या पायोरला बार्सिलोनाने 2024 मध्ये आपल्याकडे आणलं. ज्यांनी त्रास दिला त्यांनाच घरी बोलवायचं, ही या क्लबची खोड मला आवडते. खेळाडू कसा निवडावा याचा हा चोख नमुना आहे. आकडेवारीचे तक्ते नंतर, आधी स्वतःचे फोड मोजा.

चौथा: लिस्बन 2025, दुसरा हाफ

24 मे 2025. आर्सेनलकडून 1-0 हार. चेंडू बराच वेळ बार्सिलोनाकडे. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला क्लाउदिया पिनाचा फटका क्रॉसबारवर. मुलींना वाटतं आता गोल होणारच. 67 व्या मिनिटाला आर्सेनलने बेथ मीड आणि स्टीना ब्लॅकस्टेनियस दोघींना एकदम उतरवलं, आणि 74 व्या मिनिटाला मीडच्या पासवर ब्लॅकस्टेनियसने गोल केला.

दोन गोष्टी बघा. एक, बदली खेळाडूंची वेळ: बचाव दमलाय, तेव्हा ताजे पाय आत. दुसरी, आर्सेनलकडून खेळणारी मारिओना काल्देन्ते. ती दहा वर्षं बार्सिलोनात होती, 2024 मध्ये सोडून गेली. समोरची टीम कुठे पास देणार हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आर्सेनल ज्या ज्या वेळी पुढे येऊन अडवते, तेव्हा काल्देन्ते कुठे उभी आहे ते बघत राहा.

यानंतर बक्षीस म्हणून 2024 ची बिल्बाओची फायनल. ल्योनवर पहिला विजय, 2-0, पहिला गोल आयतानाचा, दुसरा शेवटच्या क्षणी बदली म्हणून आलेल्या अलेक्सियाचा. यात काही शोधू नका. मजा घ्या.

बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं

आवाज बंद करा. कॉमेंट्री चेंडूबद्दल बोलते, आपल्याला बाकीच्या एकवीस जणी बघायच्यात.

कागदावर मैदानाचा आयत काढा, आडव्या दोन रेघा मारून तीन पट्टे करा. बार्सिलोनाने चेंडू परत मिळवला की ज्या पट्ट्यात मिळवला तिथे टिंब. दुसऱ्या रंगाच्या पेनाने, गमावल्यापासून पाच सेकंदांच्या आत मिळवला असेल तर त्याच टिंबाभोवती वर्तुळ. मोबाइलचं स्टॉपवॉच नको, तोंडाने एक-दोन-तीन मोजलं तरी पुरतं. पंचवीस मिनिटांनंतर कागद बघितला की खेळाचा नकाशा समोर येतो. वरच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या गोलजवळच्या पट्ट्यात वर्तुळवाली टिंबं भरपूर असतील तर टीम आपल्या रंगात आहे. टिंबं आपल्याच गोलसमोर जमायला लागली की समजा, पाणी डोक्यावरून चाललंय. 2023 च्या दोन हाफचे दोन कागद शेजारी ठेवून बघा, मुलींना प्रेसिंग, म्हणजे पुढे येऊन दबाव टाकत चेंडू परत मिळवणं, वेगळं समजवावं लागत नाही.

मग एकेकीला एकेक खेळाडू वाटून द्या, दहा मिनिटांसाठी. कुणी काय बघायचं तेही सांगा. पात्रीवाल्या मुलीने एवढंच बघायचं की आपली टीम हल्ल्यात असताना ती कुठे थांबते. मापी लेऑनवालीने तिचे लांब तिरके पास मोजायचे. आपल्याकडे चेंडू लांब हाणला की गॅलरीतून टाळ्या पडतात, कुठे पडला ते कोण बघतंय! मापीचा डाव्या पायाचा लांब चेंडू पलीकडच्या विंगच्या पायात उतरतो, आणि तोही पलीकडे जागा मोकळी झाल्यावरच निघतो. फरक तिथे आहे.

आयतानावालीचं काम सगळ्यात अवघड. चेंडू आयतानाकडे यायच्या आधी तिची मान किती वेळा वळते ते मोजायचं. डावीकडे, मागे, उजवीकडे, पुन्हा मागे. पास पायात येईपर्यंत पुढचा पास डोक्यात तयार असतो. रीलमध्ये दिसतो तो टर्न, त्याच्या आधीचं हे मान वळवणं कापलेलं असतं. 2023 पासून सलग तीन वर्षं बॅलन डी'ऑर तिच्याकडे गेलं, त्याच्या आधीची दोन वर्षं अलेक्सियाकडे. म्हणजे पाच वर्षं जगातली सर्वोत्तम खेळाडू या एका क्लबच्या मधल्या फळीतली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर

बघितलेलं चोवीस तासांत पायात उतरवलं नाही तर विसरलं जातं. दोन गोष्टी करते.

मान वळवण्यासाठी: मुलगी मध्ये उभी, समोरून पास येणार, मागे मी हातात लाल नाहीतर पिवळी बिब (सरावात जर्सीवर घालायचं बनियन) धरून. चेंडू पायात यायच्या आत तिने मागे बघून रंग सांगायचा. सांगितला नाही तर पास बाद. लहान मुलींना हा खेळ वाटतो, मोठ्यांना घाम फुटतो.

चेंडू गेल्यावरच्या पाच सेकंदांसाठी: दहा बाय दहा मीटरचे दोन चौकोन शेजारी आखा. चारजणींच्या दोन टीम. पहिल्या चौकोनात चौघी चेंडू फिरवतात, समोरच्या टीमच्या दोघी आत घुसून काढायला बघतात, उरलेल्या दोघी दुसऱ्या चौकोनात थांबतात. चेंडू काढला की लगेच दुसऱ्या चौकोनात पास आणि चौघीही तिकडे. आता ज्यांच्याकडून गेला त्यांच्यातल्या दोघींनी मागे पळायचं. गुण पास मोजून द्यायचा नाही. चेंडू गेल्यावर तो पलीकडच्या चौकोनात पोचायच्या आत परत मिळवला तरच एक गुण. पहिल्या दिवशी कुणालाच मिळत नाही, सगळ्या हात कमरेवर ठेवून एकमेकींना दोष देतात. काही सरावांनंतर गमावणारीच सगळ्यात आधी धावायला लागते. दोन मिनिटं खेळ, एक मिनिट आराम. यापेक्षा लांबवू नका, दमल्यावर हा सराव खोटा होतो.

पालकांसाठी थोडं

"आपल्या पोरी अशा का खेळत नाहीत?" हा प्रश्न विचारायच्या आधी मागची बाजू बघा. बार्सिलोनाने महिला विभाग व्यावसायिक केला तो 2015 मध्ये. त्यानंतरही 2017 ते 2019 लीग ॲटलेटिको माद्रिदच जिंकत होती. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या महिला खेळाडूंनी पगार आणि कामाच्या अटींसाठी संप केला, पुढच्या फेब्रुवारीत करार झाला. लीग व्यावसायिक झाली 2022-23 पासून. 2022 च्या मार्चमध्ये रिअल माद्रिदविरुद्ध क्लबच्या मोठ्या कॅम्प नोऊ स्टेडियमवर 91,553 लोक आले, आणि एप्रिलमध्ये वोल्फ्सबर्गविरुद्ध 91,648. एरवी ही टीम खेळते ती सहा हजारांच्या योहान क्रॉइफ स्टेडियमवर. जिम, फिजिओ, हिरवळ, आहार, पगार, हे सगळं असल्यावर इतक्या वर्षांनी हा खेळ दिसतो. परीक्षा आली की मुलीचा सराव तीन महिने बंद करायचा आणि मग तिची आयतानाशी बरोबरी करायची, हे काही खरं नाही.

वेळेचं गणित सांगते. मार्च अखेर ते ऑक्टोबर अखेर स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, थंडीत साडेचार तास. 2023 ते 2025 च्या फायनल आपल्याकडे संध्याकाळी किंवा रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाल्या, तशा वेळेची फायनल लाइव्ह दाखवा, सगळ्यांनी एकत्र बसून. थंडीत मधल्या वारी रात्री नऊची मॅच म्हणजे आपले दीड वाजलेले. ती मुलींना जागवून दाखवू नका, सकाळी सरावाला डोळे उघडत नाहीत. रविवारी दुपारी रेकॉर्डिंग लावा. तोपर्यंत घरातल्या कुणी स्कोअर फोडायचा नाही. बाबांना हे विशेष बजावून सांगावं लागतं.